डुकरिणीचा गर्भाशयदाह : औषधाआधी फरशी पाहा

सकाळी मादीच्या शेपटीखाली पांढरट डाग दिसला, की पाळणाऱ्याचा हात इंजेक्शनच्या बाटलीकडे जातो. त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : स्राव कसा आहे, आणि वेत किंवा रेतन होऊन किती दिवस झाले.

गैरसमज : विल्यावर स्राव आला म्हणजे गर्भाशय बिघडलं.
वस्तुस्थिती : तीन-चार दिवस बिनवासाचा, थोडा चिकट स्राव येणारच. दुर्गंधी, पू, खाणं सोडणं ही धोक्याची लक्षणं. गुदद्वारात थर्मामीटर लावा. ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर गेला, किंवा लुचूनही पिल्लं किरकिरत राहिली, तर पशुवैद्यकांना बोलवा.

गैरसमज : लागण नराकडूनच येते.
वस्तुस्थिती : ब्रुसेलासारखे आजार नराकडून येतात, म्हणून त्याची रक्ततपासणी हवीच. पण ई. कोलायसारखे नेहमीचे जंतू मादीच्याच विष्ठेत असतात. घाणीने ओल्या फरशीवर ती कुत्र्यासारखी बसली, की ते थेट योनीला लागतात.

गैरसमज : एक जादा रेतन केलं तर नुकसान काय?
वस्तुस्थिती : माज ओसरला की गर्भाशयाची जंतू परतवण्याची ताकद घटते. पाठ दाबल्यावर मादी स्थिर उभी राहत नसेल, तर नळी घालू नका. रेतनानंतर १४ ते २१ दिवसांनी पू दिसला आणि मादी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर असं उशिराचं रेतन झालं होतं का, ते नोंदवहीत तपासा.

गैरसमज : विताना हात घातला की लवकर सुटका होते.
वस्तुस्थिती : दोन पिल्लांत साधारण १५-२० मिनिटांचं अंतर असतं. पाऊण तास ते तासभर पिल्लू आलं नाही, तरच हात घालायचा; तोही नखं कापून, योनीभाग धुऊन, लांब हातमोजा आणि वंगण लावून. पिल्लू आडवं अडकलेलं असताना कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन टोचलं, तर गर्भाशयालाच इजा होऊ शकते.

गैरसमज : अँटिबायोटिक दिलं की झालं.
वस्तुस्थिती : औषध आणि मात्रा पशुवैद्यकांनीच ठरवावी. फरशी तशीच राहिली, तर पुढच्या वेतालाही तेच. गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा. शेवटच्या आठवड्यात मादीला धुऊन कोरड्या, जंतुनाशक मारलेल्या कप्प्यात हलवा. भरपूर पाणी आणि तंतुमय खाद्य द्या, कारण बद्धकोष्ठ झालेल्या मादीत दाहाचा धोका वाढतो. एवढं करूनही वेतामागून वेत पू येतच राहिला, तर त्या मादीला कळपातून काढणंच परवडतं.