पाऊस थांबला म्हणून दिवस थांबतो का? आलेखावरून डोमेन आणि रेंज कशी ओळखायची

समजा, रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात १ जून ते ३० सप्टेंबर अशा १२२ दिवसांत पडलेल्या पावसाची वाढती बेरीज सलग रेषेने काढली. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर मिलिमीटर. रेषेची आडव्या अक्षावर पडणारी सावली म्हणजे डोमेन: ० ते १२२. उभ्या अक्षावरची सावली म्हणजे रेंज: शून्यापासून हंगामाच्या एकूण पावसापर्यंत.

अकरावीच्या मुलांचे गुण जातात ते उघडिपीत! आठवडाभर थेंब नाही, रेषा सपाट. मग ते दिवस डोमेनमधून वगळले जातात. पण कोरड्या दिवसाचाही बिंदू आलेखावर आहेच, म्हणून तो डोमेनमध्ये. रेंजमध्ये मात्र त्या अख्ख्या आठवड्यामुळे एकाही नव्या आकड्याची भर पडत नाही. नोंदच राहिली आणि रेषा तुटली, तरच तेवढे दिवस डोमेनबाहेर.