सहा फुटांवरची माणसं

हातात पहिला डीएसएलआर आला की पहिल्या महिन्यात माणूस कशाकशाचे फोटो काढतो, याची यादी जवळपास ठरलेली आहे. घरचं मांजर. गच्चीवरून सूर्यास्त. पावसाळ्यात काचेवरचे थेंब. सिंहगडावर गेलात तर कांदाभज्यांची प्लेट आणि मागे धुकं. दुसऱ्या महिन्यात मॅन्युअल मोड जमायला लागतो आणि मग लाइफचे फंडे सुचायला लागतात. ॲपर्चर मोठं केलं की प्रकाश भरपूर येतो, पण फोकसची खोली जाते. आयएसओ वाढवला की अंधारातही दिसतं, पण फोटोत दाणे येतात. काहीतरी मिळवायचं तर काहीतरी सोडावं लागतं... वा! अगदी ग्रीटिंग कार्डावर छापावं असं. पण खरं सांगू? हे कळायला कॅमेरा कशाला हवा? महिन्याच्या २५ तारखेला बँक बॅलन्स बघितला तरी हेच कळतं.

मला जे काही शिकवलं ते एका स्वस्तातल्या लेन्सनं. ५० एमएम, एफ १.८. फोटोवाल्या मंडळींत लाडाचं नाव ‘निफ्टी फिफ्टी’. प्लॅस्टिकची, हलकी आणि झूम अजिबात नाही. मोठं दिसायला हवं तर रिंग फिरवून भागत नाही, पाय हलवावे लागतात. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा. त्यावर या लेन्सनं कुणाचा कमरेपासून वरचा फोटो काढायचा तर साधारण सहा-सात फुटांवर उभं राहावं लागतं.

हे सहा फूट फार गमतीचे असतात. ३०० एमएमची झूम लावून रस्त्याच्या पलीकडून फोटो काढला तर समोरच्याला पत्ताही लागत नाही. सहा फुटांवरून मात्र तोही तुम्हाला बघत असतो. तुमचे बूट, तुमची बॅग, तुमचा चेहरा, सगळं. मग गप्प राहून चालत नाही. काहीतरी बोलावंच लागतं.

मी हे बोलणं शिकले महात्मा फुले मंडईत. पुण्यात फोटोग्राफी शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी तिथे पोचतोच. ब्रिटिश काळातली ती दगडी इमारत, मधला मनोरा, सकाळी तिरकी आत येणारी उन्हं. पण माझ्या मते मंडईची खरी खासियत म्हणजे तिथले उंच गाळे. भाजीवाले वर बसलेले असतात आणि गिऱ्हाईक खाली उभं. म्हणजे फोटो काढायचा तर मान वर करूनच बघावं लागतं. फुटपाथवर बसलेल्या माणसाचा उभ्यानं काढलेला फोटो आठवून बघा, फरक लगेच कळेल.

तर रविवारी सकाळी सात वाजता एका कांदेवाल्या आजींना विचारलं, “आजी, एक फोटो काढू का?”

“काढ की. पण मला काय देणार?”

पैसे मागताहेत, असं वाटायच्या आत आजींनी खुलासा केला, “फोटो गं! मागच्या महिन्यात एक पोरगा वीस फोटो काढून गेला. एक तरी आणून दिला का?”

पुढच्या रविवारी मी प्रिंट घेऊन गेले. झकास फोटो होता तो. आजींचा चेहरा, त्यावरच्या सुरकुत्या, नाकातली चमकी, सगळं शार्प आणि मागचं-पुढचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. इन्स्टाग्रामवर टाकला असता तर लाइक्सचा पाऊस पडला असता. आजींनी चष्मा लावला, प्रिंट लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाल्या, “माझे कांदे कुठं गेले?”

आता बोला! जो ब्लर मिळावा म्हणून आम्ही लेन्सवर पैसे टाकतो, त्याच ब्लरमध्ये आजींचा अख्खा धंदा गायब झाला होता. पहाटे उठून निवडलेला माल, रचलेली रास, शेजारचा तराजू... त्यांच्या लेखी हा फोटो म्हणजे नुसती एक म्हातारी. मला तो फोटो अजूनही आवडतो. पण फोटो आजींचा होता, मग पसंती कुणाची चालणार?

दुसरा फोटो एफ ८ वर काढला. एफ १.८ वरून एफ ८ वर गेलं की आत येणारा प्रकाश जवळजवळ वीसपट कमी होतो. शटर मंद ठेवावं लागतं आणि हात हलला की सगळं हललंच. म्हणून कॅमेरा बटाट्याच्या पोत्यावर टेकवला आणि आजींना म्हटलं, “आता हलू नका हं.” आजी अशा ताठ बसल्या की पूर्वीच्या स्टुडिओत मंडळी बसायची तशा! रास, तराजू, आजी, मागची कांद्याची पोती, सगळं आलं. तो फोटो त्यांनी गाळ्यातल्या देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवला.

मग अर्थातच आजूबाजूचे फोटोसाठी बोलवायला लागले. एकांना सुनेसोबत हवा होता, तर एकांना फक्त वांगी हवी होती, स्वतः नको! आणि एक हमाल होते. डोक्यावर पाटी, मागून ऊन, हवेत धूळ, असा लाइट मला पुन्हा कधी मिळालेला नाही. विचारलं. ते म्हणाले, “नको.” कारण नाही सांगितलं आणि मीही विचारलं नाही. कॅमेरा खाली केला, ते गेले. हा न काढलेला फोटो माझ्या इतका लक्षात आहे की हार्ड डिस्कमधले हजारो फोटो तितके नाहीत.

होमाई व्यारावाला यांच्याबद्दल वाचलं तेव्हा हे जास्त उमगलं. भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर म्हणून त्या ओळखल्या जातात. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे. १९४७ आणि पुढचा नेहरूंचा काळ त्यांनी टिपला आणि १९७० मध्ये चक्क कॅमेरा खाली ठेवला. नव्या फोटोग्राफर मंडळींची वागणूक त्यांना पटत नव्हती. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. शेवटची चाळीसेक वर्षं त्यांनी तो व्यवसाय केला नाही. आपल्याला एखाद्या इव्हेंटला कॅमेरा घरी विसरला तरी चैन पडत नाही!

पण ‘आधी विचारा’ हा काही पाढा नव्हे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी एकाच बाळाच्या दफनाचे फोटो काढले. मातीत अर्धवट झाकलेला चेहरा, उघडे डोळे. एक फोटो ब्लॅक अँड व्हाइट, एक रंगीत. रंगीत फोटो त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो ठरला. ते बाळ कुणाचं, हे कधीच कळलं नाही. तिथे परवानगी कुणाची घेणार? आणि तो फोटो निघाला नसता तर? याचं उत्तर माझ्याकडे नाही. मंडईत मात्र आहे. तिथे माणूस समोर बसलेला आहे, बोलतोय, आणि पुढच्या रविवारीही तिथेच सापडणार आहे.

चारेक महिन्यांनी कांदेवाल्या आजींनी हाक मारली. त्या दिवशी जरा ठेवणीतलं लुगडं होतं. म्हणाल्या, “आज माझा एकटीचा काढ. कांदे नकोत. डोक्यावर पदर घेते.”

“का हो आजी, आज काय विशेष?”

“हाराला लागेल की.”

शेजारचे हसले, आजी पण हसल्या. मला पटकन हसता येईना. आमच्या घरी भिंतीवर माझ्या आजीचा फोटो आहे. तो कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलाय. कानाशेजारी कुणाचा तरी फेटा दिसतो आणि आजी भलतीकडेच बघतेय. आयुष्यभर घरातल्या सगळ्यांचं केलं, पण तिचा एकटीचा असा फोटो कुणी काढलाच नव्हता. बऱ्याच घरांतली ही गोष्ट असणार. तुमच्या घरच्या भिंतीवरची तसबीर जरा जवळ जाऊन बघा.

त्या सकाळी आजींचे तीसेक फोटो काढले. आजींनी सगळे स्क्रीनवर बघून एक निवडला, ज्यात त्या जरा रागावल्यासारख्या दिसतात. “हाच. पोरांना धाक राहील.”

आता माझ्या कॅमेरा बॅगेत प्रिंट्सचं पाकीट कायम असतं. या रविवारी अकरा द्यायच्या आहेत. लसूणवाल्या काकांची प्रिंट परत आली आहे, त्यांना मिशी काळी करून हवी आहे. मी म्हटलं, काका, मी पत्रकार आहे, फोटोत असला बदल करत नाही. काका म्हणाले, बरं, मग मी आधी मिशी काळी करून येतो, तू परत काढ.