मॉर्निंग ड्यूटीतले हात

पावणेआठ. वॉर्डात शिरण्याआधी अंगठी पर्समध्ये ठेवते. बांगड्या घरीच राहतात, नखं कापलेली असतात. ग्लोव्हज फाटायला एखादं वाढलेलं नख नाहीतर अंगठीचा खडा पुरतो, आणि फाटलेलं डोळ्यांना दिसतंच असं नाही.

८ वाजता नाइटच्या सिस्टरकडून चार्ज घेतला. पुरुषांचा सर्जरी वॉर्ड, सगळे बेड भरलेले, दोन पेशंट खाली गादीवर. सोबत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी.

साडेआठला रक्ताचे नमुने. इथे ग्लोव्हज हवेतच. आधी सॅनिटायझर हातांवर २०-३० सेकंद चोळायचं आणि हात पूर्ण वाळू द्यायचे. ओल्या हातावर ग्लोव्ह चढत नाही आणि ओढताना फाटतो. डब्यातून मनगटाकडची कड धरूनच उचलायचा. बोटांचा भाग पेशंटला लागणार, त्याला उघड्या हाताचा स्पर्श नको. एका पेशंटचं रक्त घेतलं की ग्लोव्हज काढायचे, हात साफ करायचे, पुढच्या बेडला नवी जोडी. तेच ग्लोव्हज सॅनिटायझरने पुसून पुढे जाणं मला मान्य नाही. त्याने रबर खराब होतं, आणि एकाचे जंतू दुसऱ्याच्या अंगावर जायचे ते जातातच.

९ वाजता बीपी, ताप, गोळ्या, इंजेक्शनं. एका पेशंटच्या मुलाने विचारलं, "सिस्टर, ग्लोव्हज नाही घातले?" त्याची काळजी खरी होती, म्हणून थांबून सांगितलं, "दादा, वडिलांची कातडी धड आहे, माझ्या हातालाही कुठे जखम नाही. अशा इंजेक्शनला ग्लोव्हज लागत नाहीत, हात स्वच्छ लागतात. ते मी आत्ता तुमच्यासमोरच चोळले ना?" गरज नसताना घातलेल्या ग्लोव्हजचं मला जास्त भय वाटतं. ते हातावर असले की माणूस बिनधास्त होतो. त्याच हाताने बेडचा कठडा धरतो, केसपेपर उचलतो, फोनही घेतो.

१० वाजता ड्रेसिंगची ट्रॉली निघाली. मधुमेह असलेल्या आजोबांच्या तळपायाला मोठी जखम, पट्टी पुवाने भिजलेली. जुनं ड्रेसिंग साध्या ग्लोव्हजने काढलं. ते टाकून, हात साफ करून, जखम धुवायला निर्जंतुक जोडी घातली. जुनी पट्टी सोडवायला मदत करणारी मुलगी त्याच हातांनी ट्रॉलीचा ड्रॉवर उघडायला वळली.

"थांब गं. हात समोर धर, कशालाही लावू नकोस."

घालताना चुकलं तर जोडी बदलता येते. काढताना चुकलं तर पू आपल्या मनगटाला लागतो आणि कळतही नाही. म्हणून आजोबांची पट्टी बांधून होताच शेजारी उभी राहून तिच्याकडून करून घेतलं. उजव्या हाताच्या चिमटीत डाव्या ग्लोव्हची बाहेरची बाजू, मनगटाजवळ, कातडीला न लागता. तिथून हळूहळू बोटांकडे ओढायचं. चिखलाने माखलेलं झबलं उलटं करत काढावं तसं, म्हणजे घाण आत जाते आणि कोरडी बाजू वर येते. झटका द्यायचा नाही. ताणलेलं रबर सुटलं की थेंब उडतात, तोंडावरसुद्धा. निघालेला ग्लोव्ह उजव्या मुठीत चुरगळून धरायचा. मग डाव्या, उघड्या हाताची दोन बोटं उजव्या ग्लोव्हच्या कडेखाली, आतून, कातडीला लागून सरकवायची. अडतं ते इथे. सवयीने उघडी बोटं ग्लोव्हला बाहेरूनच पकडायला जातात. तिचीही गेली, मी मनगट धरून थांबवलं. बोटं आत गेली की बाहेरच्या दिशेला ताणत उलटा करत काढायचा, म्हणजे पहिला ग्लोव्ह दुसऱ्याच्या आत बंद होतो.

पुवाचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे लाल पिशवीतल्या वस्तू निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करायचे असतात, म्हणजे धुऊन पुन्हा विकायची सोय उरत नाही. त्यानंतर साबणाने हात, ४० ते ६० सेकंद. ग्लोव्हला सुईच्या टोकाएवढं भोक असू शकतं आणि काढताना हात लागलेला असू शकतो, म्हणून ही पायरी कधीच गाळायची नाही.

साडेबाराला चहा घेताना मुलींना हॅल्स्टेड आणि कॅरोलिन हॅम्प्टन यांची हकीकत सांगितली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी मदत करणाऱ्या नर्स कॅरोलिनचे हात जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणाने सोलवटले होते. सर्जन हॅल्स्टेडनी १८८९-९० च्या हिवाळ्यात तिच्यासाठी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. त्यांचा विचार तेव्हा पेशंटच्या संसर्गाचा नव्हता, एका नर्सच्या हातांचा होता. आपले हात जपायला शिकवणं मला कामाचाच भाग वाटतं, ते यामुळेही.

१ वाजता मावशी कचऱ्याच्या पिशव्या बांधायला आल्या, हातात आमचेच पातळ ग्लोव्हज. चुकून पिशवीत गेलेली सुई त्यांतून आरपार जाते. कपाटातून जाड रबरी हातमोजे काढून दिले आणि ते घातल्यावरच पिशव्यांना हात लावू दिला.

पावणेदोन. हँडओव्हरआधी ग्लोव्हजचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, लिहिलं. स्टोअरमधून बहुतेक वेळा लार्ज येतात, आणि आमच्या मुलींच्या हातांवर ते ढिले होऊन बोटांच्या टोकाशी लोंबतात. शीर सापडत नाही, सुई धरताना टोक मध्ये येतं. म्हणून यावेळी साइज ठळक लिहिला, स्मॉल आणि मीडियम, आणि सही घ्यायला इन्चार्ज सिस्टरकडे स्वतः घेऊन गेले.