घड्याळ चुकले की रस्ता चुकतो

रात्री १०८ ला फोन जातो आणि रुग्णवाहिका निघते. अनोळखी वस्तीत चालकाचा भरवसा मोबाइलवरच्या नकाशावर असतो. हृदयविकाराच्या झटक्यात मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी नकाशावरचा ठिपका योग्य गल्लीत असणे ही चैन नव्हे. तो ठिपका मुळात घड्याळावरून ठरतो, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा आणि वेळ सतत कळवत असतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून फोन उपग्रहाचे अंतर काढतो. तीन अंतरांवरून जागा कळते. चौथा उपग्रह लागतो, कारण फोनमधले घड्याळ साधेच, त्याची चूकही शोधावी लागते. संदेश येतो प्रकाशाच्या वेगाने. एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, तो ३०० मीटर कापतो. म्हणूनच उपग्रहात अणुघड्याळे बसवतात.

पण नुसते अचूक घड्याळ पुरत नाही. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार वेगामुळे उपग्रहातले घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडते, आणि उंचावर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. वजाबाकी ३८. अंतराच्या हिशेबात ही दिवसाला ११ किलोमीटरची चूक!

१९७७ मध्ये अमेरिकेने एनटीएस-२ हा उपग्रह सोडला, तेव्हा काहींना हे पटत नव्हते. म्हणून दुरुस्तीची सोय बसवली, पण बंद ठेवली. सुमारे वीस दिवस घड्याळ तसेच चालू दिले. ते जवळजवळ गणिताबरहुकूम पुढे धावले, आणि वाद मिटला. आता ही घड्याळे जमिनीवरच मुद्दाम किंचित सावकाश लावून पाठवतात.

भारताच्या 'नाविक' यंत्रणेला दुसराच त्रास झाला. २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहातली युरोपहून आणलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली. बाकी शरीर धडधाकट, नाडी तेवढी गेलेली. अंतर मोजायला तो निरुपयोगी ठरला. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णतारोधक आवरण न उघडल्याने वाया गेला; पुढचा एप्रिल २०१८ मध्ये कक्षेत पोहोचला. २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या एनव्हीएस-०१ मध्ये मात्र अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने घडवलेले देशी रुबिडियम घड्याळ होते.