चहा, प्रायश्चित्त आणि तारण

४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली होती. व्याख्यान झाले आणि पाठोपाठ चहा-बिस्किटे आली. कुणी चहा प्याले, कुणी कप नुसता हातात घेऊन खाली ठेवला. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. हा बेत जमवण्यात पुढाकार गोपाळराव जोश्यांचा, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांचा. या गृहस्थांना सुधारकांची परीक्षा घ्यायची होती की नुसती फजिती पाहायची होती, हे मला अजून उमगलेले नाही. ‘पुणेवैभवा’त चहापानवाल्यांची नावे छापून आली आणि पेठांमधून गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, बहिष्काराचे ग्रामण्य चांगले दोनेक वर्षे चालले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये स्नेह्यांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या आठवणींत तो प्रसंग आहे आणि त्यातली त्यांची अस्वस्थता लपत नाही.

ही गोष्ट आपण विनोदाने सांगतो. पण त्याच काळात त्याच शहरात दुसऱ्या एका रमाबाई प्रायश्चित्ताच्याच प्रश्नाशी झुंजत होत्या, हे सहसा कुणी सांगत नाही. पंडिता रमाबाईंनी मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी सुरू केलेले शारदासदन नोव्हेंबर १८९० मध्ये पुण्यात आले. बाप्तिस्मा घेऊन त्यांना सात वर्षे झाली होती. तरीही आपले तारण झाले आहे याची खात्री त्यांना वाटत नव्हती. पापाची भरपाई माणसाला करता येते का? आणि येत नसेल, तर ती करतो कोण? एका बाजूला पंचगव्य, दक्षिणा आणि निर्णयपत्रे; दुसऱ्या बाजूला एक विदुषी रात्री नव्या कराराची पाने उलटते आहे. पुण्याने पुढे रमाबाईंशी कडाक्याचे भांडण केले, पण ते धर्मांतरावरून. तारणाचा त्यांचा प्रश्न शहराने ऐकला नाही, आणि आपल्या इतिहासलेखनानेही तो ऐकून घेतलेला नाही.

मुळात ही शिकवण काय आहे? पौलाने रोम, गलतिया आणि इफिस इथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत ती सर्वांत स्पष्ट येते. नियमशास्त्र पाळून कुणी देवापुढे नीतिमान ठरत नाही; ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केले त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला देव नीतिमान ठरवतो, आणि तेही फुकट, कृपेने. उदाहरण अब्राहामाचे: सुंतेच्या आधी, नियमशास्त्र येण्याच्याही आधी, त्याने देवाच्या शब्दावर भरवसा टाकला आणि तोच त्याच्या खात्यावर जमा झाला. याच नव्या करारातले याकोबाचे पत्र मात्र त्याच अब्राहामाला साक्षीला बोलावून बजावते की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. पंधराशे वर्षांनी मार्टिन ल्यूथर या जर्मन संन्याशाला उपास, जागरणे, पापनिवेदने करूनही शांती मिळेना. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात त्याला वाट सापडली. १५१७ मध्ये क्षमापत्रांच्या विक्रीवरून तो रोमशी भिडला आणि पश्चिमेची ख्रिस्ती मंडळी दुभंगली. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने रोमचे उत्तर दिले: आरंभ कृपेचाच, पण तारणारा विश्वास प्रीतीने जिवंत असावा लागतो आणि माणसाने कृपेला साथ द्यावी लागते. कॅथलिक लोक कर्माने तारण विकत घेतात, हा प्रॉटेस्टंट उपदेशकांचा आवडता आरोप त्या अर्थाने अन्यायाचाच आहे.

रमाबाईंना हे सगळे युरोपातले जुने भांडण म्हणून भेटले नाही. त्यांच्या घरात कर्माची कसोटी आधीच लागून गेली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे वैष्णव पंडित. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष पत्करलेले. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडत असे. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले. स्नाने, उपास, प्रदक्षिणा, सगळे झाले. पैसा संपला, भांडी संपली, शेवटी झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा विचार केला तेव्हा थोरल्या मुलाने अंगमेहनतीचे काम धरायची तयारी दाखवली. १८७४ मध्ये शास्त्रीबुवा गेले, पाठोपाठ आई गेली, मग बहीण. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई हे सारे रडगाणे न करता सांगतात. विधींत तसूभरही कसूर न करणारी माणसे त्यांनी मरताना पाहिली होती. मिशनऱ्यांच्या पत्रकांतला कर्मकांडावरचा हल्ला त्यांना नवा वाटला असेल, असे मला वाटत नाही.

भाऊही गेला, १८८० मध्ये केलेले लग्न १८८२ मध्ये पतीच्या मृत्यूने संपले, आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. इथेच त्यांना नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे भेटले. या माणसावर मराठीत एक भरघोस चरित्र यायला हवे. जन्म १८२५ चा, बुंदेलखंडातल्या चित्पावन घरातला, काशीत शिकलेले, मिशनऱ्यांना वादात हरवायला गेले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले. ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी सहा दर्शनांची झडती घेतली. पुढे वैराग्याने राहिले, पंचहौद मिशनशी त्यांचा जवळचा संबंध होता. त्यांच्या नम्र, मृदू बोलण्याचा आणि पत्रातल्या युक्तिवादाचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. (त्यांच्या मुलीचे, एलन लक्ष्मी गोऱ्हे यांचे एक इंग्रजी भक्तिगीत जगभरच्या चर्चमध्ये अजून गायले जाते. ते काशीत जन्मलेल्या मुलीचे आहे, हे गाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.)

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलहॅमला ‘पतित’ म्हणून हाकललेल्या स्त्रियांना जोगिणी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिले होते. विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा त्यांना तिथेच कळली. मात्र वाँटेजच्या भगिनी अँग्लिकन पंथातल्या उच्च परंपरेच्या. चर्चचा अधिकार, संस्कार, धर्मगुरूंची अखंड मालिका यांना तिथे फार मोल. रमाबाईंची आणि सिस्टर जेरल्डीन यांची पत्रे वाचावीत. त्रैक्यावर शंका, ख्रिस्ताच्या देवत्वावर शंका, आणि त्याहून मोठी शंका अशी, की ब्राह्मण पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घेण्यासाठी का? जेरल्डीनना त्यात गर्व दिसला. मला त्यात डोंगरेशास्त्र्यांची मुलगी दिसते.

मग विल्यम हॅस्लम यांचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले. ही निवड इथे महत्त्वाची आहे, कारण हॅस्लमही आधी त्याच उच्च परंपरेतले पाळक होते. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या आपल्या चर्चमध्ये उपदेश करता करता त्यांना उमगले की आपण ज्या विश्वासाविषयी बोलतो आहोत तो आपल्यापाशीच नाही. आणि त्याच व्यासपीठावर त्यांचे परिवर्तन झाले. समोरचा एकजण उठून, पाळकाचेच परिवर्तन झाले, असे ओरडला म्हणतात. रमाबाईंना यात आपली गोष्ट दिसली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, खुद्द ख्रिस्त मिळाला नाही, असा निष्कर्ष त्यांनी बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी काढला. आपल्या हातून काहीच घडायचे उरलेले नाही, जे घडायचे ते घडून गेले आहे, फक्त स्वीकारायचे आहे, हे कळले तेव्हा त्या पुण्यात होत्या. साल साधारण १८९१. ग्रामण्य तेव्हा ऐन भरात होते.

पुण्याने याला उत्तर काय दिले असते? ‘करावे तसे भरावे’ हे आपल्या हाडीमासी खिळलेले. एकाचे कर्म दुसऱ्याने भोगायचे, ही कल्पना पेठेतल्या शास्त्र्याला अधर्म्यच वाटली असती. पण वारीला जाणाऱ्याला तितकी परकी वाटली नसती. तुकोबांच्या अभंगांत स्वतःच्या पुण्याईवर भिस्त नाही, कृपेची याचना आहे. रामानुजांच्या संप्रदायात यावर दोन पक्षच पडले: माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. ल्यूथर मांजराच्या बाजूचा, ट्रेंट मधे कुठेतरी. तरी साम्य इथे संपते. ख्रिस्ती शिकवणीत कृपा एका ऐतिहासिक घटनेला बांधलेली आहे, पोंतियस पिलाताच्या अमलात झालेल्या देहदंडाला. ती घटना वगळा, मग उरते ती भक्ती, ख्रिस्ती तारण नव्हे. प्रार्थना समाजाला नेमकी तीच घटना नको होती. रानडे-भांडारकरांना कृपा हवी, रक्त नको.

जोतीराव फुल्यांचे गणित आणखी वेगळे. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव येशूला बळीराजाच्या पंक्तीला बसवतात. १८८५ च्या ‘सत्सारा’त रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू ठणकावून घेतात. मात्र १८९१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एकाच घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असे सुखाने नांदतात. तिथे कसोटी वर्तनाची आहे. याकोब खूश झाला असता.

रमाबाईंच्या नव्या खात्रीचा पुण्याला जाच झाला तो १८९३ मध्ये. त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, मुली येऊन बसत. सल्लागार मंडळावरच्या रानडे, भांडारकरांनी राजीनामे दिले, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची बाजू अगदीच खोटी होती, असे मी म्हणणार नाही. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या, आणि जिला आपण तरलो याची खात्री पटली आहे तिच्याकडून तटस्थपणा निभणे अवघड होते.

कर्माने तारण नाही म्हणणाऱ्या बाईंचे खरे कर्म त्यानंतर सुरू झाले. दौंडच्या लोहमार्गावर केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या. प्लेगमुळे १८९७ मध्ये पुण्यातल्या मुलीही तिकडे गेल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या आल्या. तिथल्या ‘मुक्ती’ सदनात दीड-दोन हजार बायकामुलांचा संसार उभा राहिला. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांसाठी ब्रेल. वडिलांना अंगमेहनत कमीपणाची वाटत होती; मुलीने हजारोंना ती शिकवली. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेचे जे उधाण आले, त्याचा वृत्तान्त मिनी अब्रॅम्स यांनी एका पुस्तिकेत लिहिला, ती चिलीतल्या मैत्रिणीकडे पोचली आणि त्या देशातल्या पेंटेकॉस्टल चळवळीला निमित्त झाली. शेवटची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. सबंध ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

आतापर्यंतची कथा ब्राह्मण ख्रिस्त्यांची झाली, आणि हा आपल्या लेखनाचा जुना दोष. मराठी प्रॉटेस्टंट मंडळी बहुसंख्येने नगर-जालन्याकडच्या महार-मांग वस्त्यांतून आली. पुण्यातल्या मराठी उपासनांना बसणाऱ्या कित्येक कुटुंबांची मुळे तिकडचीच. जन्माने पदरी काही पुण्य नाही असे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले, त्याला कुणाच्याच पुण्याचा देवापुढे हिशेब नाही ही शिकवण काय वाटली असेल? १९८१ मध्ये मराठी धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी बंगळूरच्या व्याख्यानातून दलित ईश्वरविद्येची दिशा मांडली, ती या प्रश्नातूनच. सरकारी हिशेब मात्र निराळा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. गावाने जात सोडली नाही, कायद्याने सोडली.

ल्यूथर आणि ट्रेंट यांचे वारस आज पुण्यात सुखाने शेजारी आहेत. नगर रोडवर १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून आलेली पेपल सेमिनरी, बिबवेवाडीला १९८३ मध्ये यवतमाळहून आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा तर सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये मिळालेली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: तारण कृपेनेच, ख्रिस्तावरील विश्वासाने, आणि सत्कर्मे त्याची फळे. पुढे मेथडिस्ट आणि इतरही त्यात आले.

मराठीत तारण आणि धर्मांतर यांची गाठ सोडवण्याचा एक धाडसी प्रयत्न नारायण वामन टिळकांनी केला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणारे हे कवी १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला तिथे प्रवेश होता, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. मिशनऱ्यांना ते पटले नाही आणि सनातन्यांना त्याचे काय करावे ते कळले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबारही पांगला.