पाण्याचा दाब व तळ्याचा बांध

तळे जितके विस्तीर्ण तितका बांधावर भार अधिक, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत असते. ती बरोबर नाही. स्थिर पाण्याचा दाब विस्तारावर नव्हे, तर खोलीवर अवलंबून असतो. ३ मीटर खोलीवर दर चौरस मीटरास ३ टन दाब पडतो. मग तळे गुंठाभर असो वा दहा एकरांचे. त्या वेळी बांधाच्या दर मीटर लांबीवर साडेचार टन आडवा रेटा येतो. खोली दुप्पट होताच तो चौपट, म्हणजे १८ टन होतो. म्हणूनच भराव पायथ्याशी रुंद हवा. माथ्याची डागडुजी बहुतेक सर्वच करतात; पायथ्याजवळचे खेकड्याचे बीळ मात्र राहून जाते, आणि पाणी तेथूनच जोराने वाट काढते. पाझर गढूळ येऊ लागल्यास भरावाची माती वाहत आहे असे समजून तळ्याची पातळी त्वरित उतरवावी.