राजेश्वरच्या मिस्त्रींनी दाखवलेली रबरी रिंग

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही पुण्याहून माणिकनगरला निघालो होतो. गाडीत आई, बाबा, बायको आणि मागे झोपलेली मुलगी. निघण्याआधीच्या रविवारी मी पार्किंगमध्ये स्वतःच्या हातांनी गाडीचं इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला होता. दोन-तीन व्हिडिओ पाहिले, पाना आणला आणि काम उरकलं. त्या फुशारकीत सोलापूरपर्यंतचा रस्ता गेला.

उमरग्याला चहाला थांबलो तेव्हा जळक्या तेलाचा वास आला. शेजारच्या ट्रकचा असेल म्हणून मी सोडून दिलं. सीमा ओलांडून कर्नाटकात शिरलो, सस्तापूर मागे पडलं आणि राजेश्वरजवळ डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला.

बाबा म्हणाले, "हुमनाबाद आलंच की रे. तिथं दाखवू." मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्या दिवशी मी केलेली शहाणपणाची गोष्ट ही एवढीच. तो दिवा तेल किती उरलंय हे सांगत नाही, तेलाचा दाब गेलाय हे सांगतो. दाब नसताना इंजिन चालवलं तर बेअरिंगला तेल पोहोचत नाही, धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन खोलायची वेळ येते. पेट्रोल संपलं तर गाडी नुसती थांबते, इथे खर्च हजारोंत जातो.

चहाच्या टपरीवाल्याने गावातल्या मिस्त्रींना फोन केला. चौघांनी मिळून गाडी ढकलत त्यांच्या गॅरेजात नेली. इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी फिल्टर काढला, बॅटरीच्या उजेडात इंजिनाच्या बाजूला पाहिलं आणि बोटाने एक काळी रबरी रिंग सोलून माझ्या हातावर ठेवली.

"साहेब, फिल्टरचा काय दोष नाही. रिंगा दोन हायत की!"

जुना फिल्टर काढताना त्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. मी न बघता तिच्यावर नवा फिल्टर आवळला. दोन रिंगा एकमेकींवर नीट बसत नाहीत. हळू गाडीत धकून गेलं, पण हायवेच्या वेगात दाब वाढला तशी वरची रिंग सरकली आणि तेल बाहेर पडू लागलं. डिपस्टिकला तेलाचा थेंब लागत नव्हता.

फिल्टर करतो काय?

चेंबरमधलं तेल पंप वर ओढतो आणि फिल्टरच्या कडेच्या भोकांतून आत ढकलतो. आतल्या घड्यांच्या कागदातून गाळून ते मधल्या मोठ्या भोकातून इंजिनात जातं. माणसाच्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन. चांगला फिल्टर त्याच्या निम्म्याहून बारीक कण अडवतो. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी 1923 साली मोटारीसाठी तेलाचा फिल्टर तयार केला. त्याआधी गाड्यांत फार तर जाळी असे.

फिल्टर निवडताना

मिस्त्रींनी हुमनाबादला पाठवलेला मुलगा दोन फिल्टर घेऊन आला. दिसायला सारखे, पण किमतीत बराच फरक. मी स्वस्तातल्याकडे हात नेला तर ते म्हणाले, "आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असं नसतं."

आट्यांबरोबर रिंगचा व्यास जुळायला हवा. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद चोंदला तर तो उघडतो आणि न गाळलेलं का होईना, तेल इंजिनाला मिळतं. तो किती दाबाला उघडावा हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं. कडेच्या भोकांमागे रबराची झडप असते. गाडी बंद असताना ती फिल्टरमधलं तेल धरून ठेवते. ती कडक झाली की सकाळी स्टार्ट करताना काही क्षण खडखड ऐकू येते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेतला पार्ट नंबर जुळवूनच फिल्टर घ्यावा, तोही ओळखीच्या दुकानातून आणि बिलासकट. गाडी वॉरंटीत असेल तर ते बिल जपून ठेवावं.

बदलताना

तरुण मंडळींना मी हे काम करू नका असं सांगणार नाही. जरूर करा, पण क्रम पाळा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावा. इंजिन कोमट असताना चेंबरचा बोल्ट काढून तेल उतरवा आणि बोल्टला नवा वायसर घाला. जुना फिल्टर काढला की आधी त्याचं तोंड बघा. रिंग त्याच्यावर नसेल तर ती इंजिनावर आहे. ती काढून जागा पुसून घ्या. नव्या रिंगला बोटाने नवं तेल लावा, फिल्टर हाताने फिरवा आणि रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आवळा. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. पान्याने करकचून आवळलेली रिंगच पुढच्या वेळी चिकटते. तेल भरून गाडी स्टार्ट करा. लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. मग इंजिन बंद करून खाली वाकून बघा आणि डिपस्टिक तपासा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकून बघा.

उतरवलेलं तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. डब्यात भरून अशा गॅरेजला द्या, जिथून ते अधिकृत पुनर्वापरासाठी जातं.

हे सगळं होईपर्यंत दिवेलागण झाली. मिस्त्रींच्या घरून आईसाठी चहा आला आणि दोघींच्या गप्पा अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये रंगल्या. मजुरी विचारली तर त्यांनी फिल्टर, तेल आणि थोडेसेच पैसे सांगितले. वर म्हणाले, "प्रभूंच्या दर्शनाला निघालाय, वेळेत पोचा."

रात्री आम्ही माणिकनगरला पोचलो. ती काळी रिंग मी टाकून दिली नाही. घरी पान्यांच्या पेटीत झाकणाला दोऱ्याने बांधून ठेवली आहे. पेटी उघडली की आधी तीच दिसते. गेल्या महिन्यात मुलीने विचारलं, "बाबा, हे काय?" मी तिला खाली वाकून फिल्टर कुठे असतो ते दाखवलं.